पाहुणी माती, आभाराचे खत : तोयोसुच्या वसंतातील बागकामाचा पूर्वेतिहास

कंदवर्गीय फुलझाडांसाठी वसंतात करायची कामे टोकियोच्या कोतो प्रभागातील तोयोसु येथे आज ज्या क्रमाने केली जातात, तो क्रम दिसायला अगदी साधा आहे. एप्रिलमध्ये उमललेल्या ट्यूलिपच्या पाकळ्या सैलावू लागल्या की फूल तेवढे देठाच्या टोकापाशी खुडायचे, देठ व पाने मात्र पिवळी पडेपर्यंत राखायची, मुळाशी मूठभर पेंड घालायची, जूनमधला पाऊस लागण्यापूर्वी कंद उकरून सावलीत वाळवायचे, आणि मधल्या काळात, चेरीचा बहर ओसरल्यावर, ग्लॅडिओलस, डेलिया व कर्दळ यांचे गड्डे लावून घ्यायचे. बियाण्याच्या पाकिटामागे छापलेल्या सूचनांइतकी ही कामे निर्विकार वाटतात. परंतु त्यांतील जवळजवळ प्रत्येक काम ज्या जमिनीवर केले जाते तिच्याहून वयाने थोर आहे, कारण तोयोसुची जमीन जेमतेम शंभर वर्षांची आहे, आणि ती कामे ज्या वाटांनी येथवर आली त्या वाटांवर हौसेपेक्षा व्यापाराची पावले अधिक उमटलेली दिसतात.

१ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात आणि त्यापाठोपाठ लागलेल्या आगींत टोकियोचा मोठा भाग बेचिराख झाला, त्या पडझडीचा राडारोडा उपसागराच्या उथळ पाण्यात टाकण्यात आला, आणि त्यातून जी नवी भूमी वर आली तिच्यात 'भराव क्रमांक पाच' एवढ्याच ओळखीचा एक तुकडा होता. १९३७ साली त्याला तोयोसु हे नाव मिळाले. 'तोयो' म्हणजे समृद्ध आणि 'सु' म्हणजे पाण्यातून वर आलेला वाळूचा पट्टा; म्हणजे हे नाव त्या जागेचे वर्णन नव्हते, तिच्यासाठी केलेला नवस होता. नवस फळला तो मात्र लोखंडाच्या रूपाने. १९३९ मध्ये येथे इशिकावाजिमा कंपनीचा जहाज बांधण्याचा कारखाना सुरू झाला, युद्धानंतर कोळशाचा धक्का आला, १९५६ मध्ये औष्णिक वीजकेंद्र व कोळशापासून गॅस तयार करणारा कारखाना असे दोन्ही उभे राहिले, आणि राजधानीला उजेड व ऊब पुरवणाऱ्या या बेटावर फुलांची विचारपूस करण्याचे कोणाला कारण उरले नाही.

भरावाच्या जमिनीत फुलझाड लावणे ही तशीही सोपी गोष्ट नव्हे. तिच्यातला गाळ खाऱ्या पाण्यातला असतो, त्यात शिंपल्यांचा चुरा व विटा-सिमेंटचे तुकडे मिसळलेले असतात, कुजलेल्या पालापाचोळ्याचा अंश नसतो, आणि निचरा बेभरवशाचा असतो. कंदाला तर साचलेल्या पाण्याइतका दुसरा शत्रू नाही. म्हणून अशा ठिकाणी वाफा करायचा म्हणजे आधी माती आणायची. बाहेरून वाहून आणलेल्या मातीला जपानी शेतीशास्त्रात 'क्याकुदो' असे म्हणतात. यातील 'क्याकु' म्हणजे पाहुणा आणि 'दो' म्हणजे माती. हा शब्द तोयोसुसाठी घडवलेला नाही. निकृष्ट भातखाचरांत चांगली माती वाहून घालण्याची रीत जपानी शेतकऱ्यांत जुनीच होती आणि शब्द तिच्याबरोबर आला. टोकियोतील घरगुती कुंडीत भरली जाणारी 'आकादामा', म्हणजे 'लाल गोळी', ही माती ज्वालामुखींच्या राखेपासून झालेल्या थरांतून काढलेली, चाळून एकसारख्या दाण्यांची केलेली असते, आणि तिचे सात भाग व पानांच्या कुजलेल्या खताचे तीन भाग हे कंदांसाठीचे सर्वपरिचित प्रमाण आहे. तोयोसुच्या सज्जांतील बागा अशा रीतीने पूर्णपणे पाहुण्या मातीवर चालतात. आपल्याकडे पोयट्याच्या गोणी विकत आणणाऱ्या शहरी बागकर्मींना यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच की तोयोसुत कुंडीच्या खालची जमीनही पाहुणीच आहे.

कोतो प्रभागाला ही स्थिती नवीन नव्हती. तोयोसुच्या उत्तरेला असलेला फुकागावा हा भाग सतराव्या शतकात दलदल व खाडी बुजवून वसवला गेला, आणि १६५५ साली एदो शहराचा, म्हणजे आजच्या टोकियोचा, कचरा होड्यांतून नेऊन टाकण्यासाठी त्याच किनाऱ्यावरील एइताइ ही जागा नेमून देण्यात आली. शहराने टाकून दिलेल्या वस्तूंवर शहर वाढवण्याचा जो क्रम तेथे सुरू झाला तो पुढे तीनशे वर्षे चालला. तोयोसुच्या पूर्वेला असलेल्या युमेनोशिमा, म्हणजे 'स्वप्नबेट', या भरावावर १९५७ पासून दहा वर्षे कचरा ओतला गेला, १९६५ मध्ये तेथून उठलेल्या माश्यांच्या थव्यांनी आसपासच्या वस्त्यांना हैराण केले, आणि १९८८ मध्ये त्याच बेटावर, शेजारच्या कचरा जाळणाऱ्या कारखान्यातील उष्णतेवर तापवलेले, उष्ण कटिबंधातील वनस्पतींचे काचगृह उघडण्यात आले. फुकागावाच्या ओल्या मातीत एका झाडाने तर वाङ्मयाच्या इतिहासात जागा मिळवली. १६८० मध्ये तेथील झोपडीत राहायला आलेल्या कवीला पुढील वसंतात एका शिष्याने केळीच्या जातीचे एक रोप दिले, ते फोफावले, झोपडी त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि कवीने 'बाशो', म्हणजे केळ, हेच नाव स्वतःसाठी घेतले. त्याच प्रभागातील कामेइदो येथे जमिनीला टेकून पसरलेल्या प्लमच्या झाडांची बाग होती, जिचे चित्र हिरोशिगे याने १८५७ मध्ये काढले व ज्याची नक्कल व्हॅन गॉखने १८८७ मध्ये पॅरिसमध्ये केली; ती बाग १९१० च्या महापुराने संपली. पाण्यावरून उचललेली जमीन पाणी केव्हाही परत मागू शकते, ही गोष्ट त्या भागातील माळ्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही.

वसंतातील कामांपैकी खताचे काम या प्रभागाशी सर्वांत जवळून जोडलेले आहे. बोसो द्वीपकल्पाच्या कुजुकुरी किनाऱ्यावर जाळ्यांत सापडणारी तारली वाळूवर पसरून वाळवत, तिला 'होशिका' म्हणत, आणि या वाळलेल्या मासळीच्या खताचे मोठे घाऊक बाजार फुकागावात होते. तेथून हे खत पश्चिम जपानातील कापसाच्या शेतांपर्यंत जाई. त्याबरोबरच शहरातील सोनखत होड्यांत भरून कालव्यांनी पूर्वेकडील खेड्यांत पोहोचत असे आणि त्याच कालव्यांनी भाजीपाला परत येत असे. कोकणात माडांच्या आळ्यांत मासळीचे खत घालण्याची पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या घाऊक बाजारांतील वासाची कल्पना सहज करता येईल. या व्यवहारामुळे खत ही विकत घेण्याची, मोजण्याची व वेळ साधून घालण्याची वस्तू झाली, आणि तिच्या वेळांना नावे पडली. कडाक्याच्या थंडीत झाड झोपलेले असताना घालायचे ते 'कानगोए', म्हणजे थंडीचे खत. कोंब फुटताना घालायचे ते कोंबाचे खत. आणि फुले संपल्यावर घालायचे ते 'ओरेइगोए', म्हणजे आभाराचे खत. फुलाबद्दल झाडाचे आभार मानायचे, तेही कुठल्या मंत्राने नव्हे तर पेंड व हाडांच्या चुऱ्याने, असा हा शब्द आहे, आणि त्यामागचा हिशेब भावुकपणाचा मुळीच नाही. कारण फूल झाल्यावर रिकामा झालेला कंद त्या पुढच्या सहासात आठवड्यांत पुन्हा भरला नाही, तर पुढील वर्षी नुसती पाने येतात.

बागकामाचे ज्ञान छापील रूपात आले ते १६८१ मध्ये, मिझुनो मोतोकात्सु याच्या 'कादान कोमोकु' या ग्रंथाने. 'कादान' म्हणजे फुलांचा ओटा, अर्थात उंच केलेला वाफा. फुलांचे हंगाम, त्यांना मानवणारी माती, खत आणि मुळे वेगळी करून लावण्याची वेळ अशी व्यावहारिक माहिती देणारा हा ग्रंथ पाहता, जपानी बाग म्हणजे केवळ दगड, शेवाळ व पाइन ही समजूत अपुरी ठरते. पुढल्या दशकात एदोच्या उत्तरेकडील सोमेइ येथील रोपवाटिकावाले इतो इहेइ यांचे ग्रंथ निघाले, आणि सोमेइची ख्याती इतकी वाढली की १८६० मध्ये एदोला आलेला स्कॉटिश वनस्पतिसंग्राहक रॉबर्ट फॉर्च्यून तेथील रोपवाटिकांचा विस्तार पाहून थक्क झाला. चेरीची जी जात आज जपानचा वसंत जाहीर करते ती याच गावाच्या नावाने 'सोमेइ योशिनो' म्हटली जाते. मातीच्या स्वस्त कुंड्या अठराव्या शतकात सर्वदूर झाल्या आणि चाळवजा घरांत राहणाऱ्यांनाही फुले परवडू लागली; उन्हाळा तोंडावर आला की प्रातःपुष्पाची, म्हणजे जपानी 'आसागाओ'ची, रोपे विकणारे फेरीवाले गल्ल्यांतून ओरडत फिरत, आणि तनखा अपुरा पडणारे कनिष्ठ सामुराई घरच्या अंगणात रोपे वाढवून चार पैसे मिळवत.

कामांचे वेळापत्रक ग्रंथांपेक्षा पंचांगात अधिक होते. आपल्याकडे शेतकरी रोहिणी व मृग नक्षत्रांवर पेरणीचा अंदाज बांधतो, तसा जपानी शेतकरी व माळी वसंतारंभाच्या दिवसापासून, म्हणजे फेब्रुवारीच्या चौथ्या तारखेच्या आसपासपासून, दिवस मोजत असे. त्यातील अठ्ठ्याऐंशीवी रात्र मेच्या आरंभी येते आणि तिच्या सुमारास पडणाऱ्या शेवटच्या गोठलेल्या दवाला 'निरोपाचे दहिवर' अशा अर्थाचे नाव आहे. कर्दळ-डेलियासारखे थंडी न सोसणारे गड्डे या निरोपाच्या आगेमागेच मातीत जातात. महाराष्ट्रात हळदीचे बेणे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावतात व निशिगंधाचे कंदही उन्हाळ्यातच लावले जातात, पण तेथे वाट पाहायची असते ती पावसाची. टोकियोत वाट पाहायची ती थंडीच्या जाण्याची. सोमेइ योशिनो चेरी ही या पंचांगातील पान नसून घड्याळातील काटा आहे, असे म्हटले तरी चालेल.

या सर्व परंपरेत कंदाचे स्थान मात्र शोभेचे फारसे नव्हते. लिलीचे काही कंद खाण्यासाठी लावले जात. 'काताकुरी' या रानफुलाच्या कंदापासून पीठ काढत, आणि आज बटाट्याच्या स्टार्चलाही त्याच फुलाचे नाव चिकटून राहिले आहे. शरद संपाताच्या वेळी लाल फुलणारी 'हिगानबाना' भाताच्या बांधांवर मुद्दाम लावत, कारण तिचा विषारी कंद उंदीर-घुशींना दूर ठेवी, आणि दुष्काळात तोच कंद पुन्हापुन्हा पाण्यात धुऊन विष काढून खाल्ला जाई. म्हणजे कंद हा आधी धान्य, मग राखणदार, आणि सर्वांत शेवटी फूल. तोयोसुच्या घाऊक बाजारात आजही लिलीचा कंद दिसतो तो भाजीच्या विभागात, भुशात ठेवलेला, होक्काइदोहून आलेला. आणि तो पोसावा म्हणून त्याच्या कळ्या शेतातच काढून टाकलेल्या असतात. कापलेल्या फुलांचा व्यवहार तोयोसुत होतच नाही, तो ओता व कासाइ यांसारख्या दुसऱ्या बाजारांत होतो.

कंदाला फुलाचा मान मिळाला तो परदेशी गिऱ्हाइकामुळे. योकोहामा बंदर १८५९ मध्ये परकीय व्यापाराला खुले झाले. १८६२ मध्ये इंग्लंडच्या व्हीच या रोपवाटिकावाल्या घराण्याने डोंगरात आपोआप उगवणाऱ्या 'यामायुरी' या सुवासिक लिलीचे फूल लंडनच्या प्रदर्शनात मांडले, आणि मागणी सुरू झाली. होक्काइदोच्या वसाहत खात्यात नोकरी केलेल्या लुइ बोएमर या जर्मन बागतज्ज्ञाने १८८२ मध्ये योकोहामात स्वतःची पेढी काढली. १८९० मध्ये जपानी रोपवाटिकावाल्यांनी एकत्र येऊन आपली निर्यात संस्था उभारली, जिच्या लाकडी ठशांनी छापलेल्या रंगीत लिली-याद्या आज संग्राहक जपून ठेवतात. कंद ओल्या मातीच्या लेपात गुंडाळून पेटाऱ्यांत भरत, जेणेकरून महिनाभराच्या समुद्रप्रवासात तो सुकू नये. अशा रीतीने जपानची मातीही पाहुणी होऊन लंडन-न्यूयॉर्कला गेली. र्‍यूक्यू बेटांतील पांढरी लिली ईस्टरच्या सणासाठी अमेरिकेत इतकी रूढ झाली की १९४१ नंतर जपानकडून पुरवठा तुटल्यावर ओरेगन-कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील शेतकऱ्यांनी ती लागवड आपल्या हाती घेतली. निर्यातीच्या या धंद्यात वसंताचा अर्थ बदलला. विकायचा तो कंद असल्याने फूल हा खर्च होता.

हा बदल सर्वांत स्पष्ट दिसतो तो ट्यूलिपच्या शेतात. १९१८ साली तोयामा प्रांतातील तोनामी भागात मिझुनो बुन्झो या शेतकऱ्याने यादीवरून मागवलेले मोजकेच ट्यूलिपचे कंद लावले, फुले विकली, आणि नंतर जमिनीखाली चांगले पोसलेले कंद सापडल्यावर हे पीक कंदासाठीच घ्यावे असा त्याचा विचार झाला; पुढच्याच वर्षी शेजारच्या निइगाता प्रांतातही लागवड सुरू झाली. जपान समुद्राकाठच्या या पट्ट्यात भाताचे एकच पीक घेऊन जमीन हिवाळाभर बर्फाखाली पडून राही. भात निघाल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कंद लावले तर बर्फाची जाड दुलई त्यांना ओल देते, तापमानातले चढउतार अडवते, आणि वितळताना मुळांना पुरेसे पाणी सोडते. शेतकऱ्याला जी पडीक मुदत वाटत होती ती कंदाची झोप होती.

एप्रिलच्या अखेरीस त्या शेतांत जे घडते ते फुलांच्या हौशी माणसाला चमत्कारिक वाटेल. ओळीच्या ओळी फुलतात, काही दिवस डोलतात, आणि मग एकेक फूल बोटांच्या चिमटीने मोडून टाकले जाते. वाफ्यांमधल्या सऱ्या लाल-पिवळ्या पाकळ्यांनी भरून जातात आणि शेतात उरतात नुसती हिरवी, टोक मोडलेली खोडे. मग फूल उमलू तरी का द्यायचे, कळीतच का मोडायचे नाही? याचे कारण असे की फूल हीच कंदाची ओळखचिठ्ठी असते. दुसऱ्या जातीचा कंद चुकून मिसळला असेल किंवा विषाणूची लागण झाली असेल तर ते पाकळ्या उघडल्यावरच कळते, म्हणून शेतकरी ओळीतून फिरून वेगळ्या रंगाची वा पट्टे उमटलेली झाडे मुळासकट उपटतो आणि मगच उरलेली फुले खुडतो. सतराव्या शतकातील हॉलंडमध्ये ज्या पट्टेदार फुलांसाठी घरे गहाण पडली, ते पट्टे विषाणूचेच होते. तोनामीच्या शेतात त्याच पट्ट्यांची किंमत उकिरड्याएवढी. फूल खुडल्यावर बी धरण्यात जाणारी शक्ती खाली वळते. ट्यूलिपचा जुना कंद दरवर्षी संपतो आणि त्याच्या खवल्यांच्या कुशीत नवे कंद वाढतात, त्यामुळे शेतकरी जूनमध्ये जो कंद काढतो तो शरदात लावलेला नसतोच, त्याचे अपत्य असते. युद्धकाळात खाद्यपिकांना प्राधान्य देऊन फुलांच्या लागवडीवर बंधने आली, तेव्हा ही पिढ्यान्‌पिढ्यांची साखळी तुटू नये म्हणून शेतकऱ्यांना थोडे कंद तरी दरवर्षी लावून जगवावे लागले. धान्याप्रमाणे ते कोठारात ठेवून भागणारे नव्हते. १९४८ मध्ये तोयामाच्या उत्पादकांची सहकारी संस्था स्थापन झाली आणि निर्यात पुन्हा सुरू झाली. १९५२ पासून तोनामीत ट्यूलिपचा मेळा भरतो आणि ट्यूलिप हे तोयामा व निइगाता या दोन्ही प्रांतांचे मानचिन्ह आहे. परदेशी कंद एक हंगाम वेगळ्या शेतात लावून तपासण्याची अट १९८८ पासून डच ट्यूलिपसाठी सैल झाल्यावर मात्र हॉलंडचा माल ओघाने आला, आणि टोकियोच्या उद्यानांतील व सज्जांतील बहुतेक ट्यूलिप आज जन्माने डच आहेत, जरी त्यांचे फूल खुडणारे बोट तोनामीचीच रीत पाळते.

ही रीत राजधानीत रुजवण्यात पाश्चात्त्य धर्तीच्या उद्यानांचाही वाटा होता. १९०३ मध्ये खुले झालेल्या हिबिया उद्यानात सामान्य नागरिकांनी आखीव, एकरंगी फुलांचे वाफे प्रथमच मोठ्या प्रमाणावर पाहिले. तोयोसुपर्यंत हे वाफे पोहोचायला मात्र आणखी एक शतक लागले. भुयारी रेल्वे १९८८ मध्ये आली, त्याच वर्षी गॅसचा कारखाना थांबला, जहाजांचा कारखाना २००२ मध्ये बंद झाला आणि २००६ मध्ये त्याच्या गोद्या सांभाळून व्यापारी संकुल उभे राहिले. त्सुकिजीचा मासळीबाजार, जो स्वतः १९२३ च्या भूकंपाने निहोनबाशीहून हलवलेला होता, गॅस कारखान्याच्या जागेवर आणायचे ठरले, तेव्हा मातीचा प्रश्न पुन्हा पुढे आला. २००८ च्या तपासणीत एका ठिकाणी बेन्झिनचे प्रमाण मर्यादेच्या ४३,००० पट आढळले. दूषित माती काढून वर स्वच्छ मातीचा जाड थर घालण्याचे योजले गेले. २०१६ मध्ये मुख्य इमारतींखाली तो थर घातलाच नसून तेथे पोकळी असल्याचे उघड झाले, स्थलांतर पुढे ढकलले गेले, आणि बाजार अखेर ११ ऑक्टोबर २०१८ रोजी सुरू झाला. पाहुण्या मातीच्या लांबलचक इतिहासात एका राजधानीचे राजकारण तिच्यावाचून अडल्याचे हेच उदाहरण असावे. बाजाराच्या छतावर आज हिरवळ आहे आणि धक्क्याच्या कडेने उद्यानाची वाट जाते. जवळच्याच टीमलॅब प्लॅनेट्स या कलासंग्रहालयात तर २०२१ पासून हजारो जिवंत ऑर्किडे मातीवाचून हवेत टांगलेली आहेत. तेथे वसंत कधी संपत नाही, त्यामुळे वसंताचे कामही नसते.

तोयोसुच्या उंच इमारतींत सज्जा बागेसाठी वापरण्यावर अनेक बंधने असतात: कठड्याबाहेर कुंडी टांगता येत नाही आणि आगीच्या वेळी शेजारच्या घरात जाण्यासाठी ठेवलेला पातळ पडदा मोकळा ठेवावा लागतो. कोतो व शेजारच्या एदोगावा प्रभागांत मोठ्या संख्येने राहणाऱ्या भारतीय कुटुंबांना, त्यांतल्या मराठी घरांनाही, तुळशीची कुंडी याच बेताने मांडावी लागते. शेजारच्या हारुमी भरावापलीकडील त्सुकिशिमा हा १८९२ मध्ये पूर्ण झालेला आणखी एक भराव; तेथील जुन्या गल्ल्यांत मात्र दाराशी मासळीबाजाराची थर्मोकोलची खोकी ओळीने ठेवलेली दिसतात. त्यांच्या बुडाला निचऱ्यासाठी भोके पाडलेली असतात आणि कडेवर अजून एखाद्या बंदराचे नाव वाचता येते. मे महिन्यात अशा खोक्यांत टोक मोडलेले हिरवे देठ, निम्मी पिवळी झालेली पाने आणि मातीवर भुरभुरलेली पेंड एवढेच असते, आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी तेही उचलून खोके आसागाओच्या बियांसाठी मोकळे केले जाते.